चेटकिणीची कढई आणि मालकाची तिजोरी

ब्रिटिश संसदेने १७३५ साली एक कायदा केला. त्या कायद्याने चेटूक हा गुन्हा उरला नाही. चेटूक येत असल्याचा बहाणा करणे हा मात्र गुन्हा ठरला, आणि त्यास एक वर्षाच्या तुरुंगवासाची शिक्षा ठेवण्यात आली. बुद्धिवादाचा तो मोठाच विजय होता. आज त्याच देशात, २००५ च्या जुगारविषयक कायद्याखाली रीतसर परवाना घेऊन, चेटकिणीने पुन्हा दुकान थाटले आहे. फरक इतकाच की आता ती संगणकाच्या पडद्यावर बसते. तिच्या या नव्या धंद्याचे नाव ऑनलाइन स्लॉट.

या खेळांचा साचा सर्वसाधारणपणे एकच असतो. पडद्यावर पाच चक्रे. त्यांवर काळे मांजर, झाडू, चंद्र, कढई अशी चित्रे. खेळणारा पैसे लावून कळ दाबतो. ठराविक रेषांवर सारखी चित्रे जुळली की पैसे मिळतात. चेटकीण आली तर ती हव्या त्या चित्राची उणीव भरून काढते. तीन कढया आल्या तर काही फेऱ्या फुकट. परंतु चक्रांच्या फिरण्यावर निकाल मुळीच अवलंबून नसतो. कळ दाबताक्षणी संगणकाने काढलेल्या संख्येने तो ठरलेला असतो. पुढे दिसते ते निव्वळ नाटक. चक्रावर दिसणारी स्थाने आणि जिंकण्याची प्रत्यक्ष शक्यता यांची फारकत करणाऱ्या युक्तीचे पेटंट इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत १९८४ सालीच मिळाले होते.

धंद्याचे समर्थक म्हणतात, खेळणारा स्वखुशीने खेळतो आणि शंभरातील शहाण्णव त्याला परत मिळतात, हे आम्ही लपवीत नाही. हा युक्तिवाद हिशेबावर घासून पाहिला पाहिजे. शहाण्णव टक्के परतावा हा खिशातून आणलेल्या रकमेवर नसतो, प्रत्येक फेरीवर असतो. मिनिटाला दहा फेऱ्या आणि फेरीला एक पौंड धरला, तर चार तासांत २,४०० पौंडांची उलाढाल होते. तिच्यातील चार टक्के म्हणजे ९६ पौंड सरासरीने मालकाच्या तिजोरीत जातात. शंभर पौंड घेऊन बसलेल्याला शहाण्णव परत मिळणार होते. प्रत्यक्षात चार उरतात! हा हिशेब ध्यानात येऊ नये म्हणूनच चेटकिणीची योजना आहे. एक पौंड लावून चाळीस पेन्स परत आले, तरी कढई उसळे, नाणी खुळखुळत आणि साठ पेन्सचा तोटा विजय म्हणून साजरा होई. ब्रिटनच्या नियामकाला २०२१ साली या साजरेपणावर बंदी घालावी लागली आणि दोन फेऱ्यांत किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे करावे लागले. २०२५ साली प्रत्येक फेरीला पाच पौंडांची, आणि पंचविशीच्या आतील तरुणांना दोन पौंडांची मर्यादा आली. खेळणाऱ्याची निवड खरोखरच मुक्त असती, तर हे निर्बंध कशासाठी लागले असते?

नफा कोणाकडून येतो, हेही उघड आहे. उद्योगाचा साठ टक्के नफा व्यसनात अडकलेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या पाच टक्के लोकांकडून येतो, असे ब्रिटिश उमराव सभेच्या समितीने २०२० साली नमूद केले. हे मनोरंजन नव्हे. ही दुबळ्यांवर बसविलेली खाजगी पट्टी आहे.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. दोन्हींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मांत्रिकाच्या दारात उभा असलेला आणि पडद्यावरील चेटकिणीसमोर बसलेला माणूस एकाच कारणाने तेथे येतो : कष्टाने दिवस पालटतील हा त्याचा विश्वास उडालेला असतो. तो विश्वास केवळ बंदीने परत येत नाही. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत चार टक्क्यांचा हा हिशेब मांडावा आणि त्याच तोंडाने रोजगाराची व रास्त वेतनाची मागणीही करावी. चेटकिणीची कढई उलथायची, तर तिच्याखालचे दारिद्र्याचे सरपणच काढून घ्यावे लागेल.