विश्लेषण : भूकंप एकच, मग पाटण आणि सांगलीतले हादरे वेगळे का?

कोयनेत धक्का बसला की व्हॉट्सअॅपवर पहिला प्रश्न येतो, 'किती रिश्टर?' पण आपल्या घराला तडा जाईल का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. भूकंप नेमका कधी होणार, हे आज कोणीही सांगू शकत नाही. झालाच तर कुठली जमीन किती जोरात हलेल, याचा अंदाज मात्र बांधता येतो.

हादरा मोजतात कसा?

रिश्टरचा आकडा भूकंपाचा आकार सांगतो. तो सगळ्या गावांसाठी एकच. हादरा जागोजागी बदलतो. तो मोजताना जमिनीच्या त्वरणाची गुरुत्वाकर्षणाशी तुलना करतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत सुमारे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, सुमारे १८० जणांचा जीव गेला. धरणातील यंत्राने तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के इतके कमाल त्वरण नोंदवले. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा भार अवघा ५ टक्के धरला होता. दोन्ही आकडे मोजण्याची रीत वेगळी, तरी तफावत बोलकी आहे. धरणाला तडे गेले आणि पुढे ते मजबूत करावे लागले.

अंदाज कशावरून?

भूकंप किती मोठा, किती दूर व किती खोल आणि पायाखाली कोणती जमीन, यावरून. जुन्या नोंदींतून या गोष्टींचे समीकरण मांडतात. उत्तर एकच आकडा नसते. 'इतके ते इतके' असा पल्ला मिळतो. नोंदी वाढल्या की अंदाज सुधारतो.

मग सांगली निर्धास्त?

सांगली कोयनेपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. अंतराने लाटांचा जोर घटतो. पण कठीण कातळापेक्षा नदीकाठचा जाड, मऊ गाळ ठरावीक लाटा वाढवतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर होता. म्हणून कृष्णाकाठी नुसते अंतर मोजून भागत नाही. मातीही तपासावी लागते.

आपली जमेची बाजू कोणती?

कोयना-वारणा पट्ट्यातले भूकंप सहा दशके एका छोट्या टापूत, कमी खोलीवर होत आहेत. अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवरही खोदले गेले. धोक्याची जागा इतकी नेमकी ठाऊक असणे जगात दुर्मीळ आहे.

पुढे काय?

हे ज्ञान शोधनिबंधांत अडकून चालणार नाही. कोणत्या भागात कातळ, कुठे गाळ, कुठे किती हादरा अपेक्षित, याचे सोपे मराठी नकाशे ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत बांधकाम परवान्याच्या टेबलावर हवेत. १९९३ मध्ये किल्लारीत हजारो बळी घेतले ते दगड-मातीच्या जड घरांनी. जमीन हलणे थांबवता येत नाही. त्या हादऱ्याला पुरेल असे घर मात्र बांधता येते. त्यासाठी तो आकडा गवंड्यापर्यंत पोहोचला पाहिजे.