डोंगरावरचा पाट



गेल्या अंकात मी घराच्या कर्जाच्या व्याजदरावर लिहिलं होतं. त्यानंतरच्या पॉटलकमध्ये दोघा-तिघांनी मला वरणभाताच्या रांगेत गाठून सांगितलं, "अहो, आकडेमोड पुरे झाली, आता जरा हिरवंगार काहीतरी लिहा." तेव्हा या वेळी डोंगर. आकडे मात्र येणारच. इंजिनियर माणूस, त्याला कोण काय करणार?

गेल्या जुलैत आम्ही कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, सौ., अकरा वर्षांची कन्या आणि वाईहून आलेले माझे वडील, अण्णा. वय ७४. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, ओव्हरसियर म्हणून. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. ह्यूस्टनच्या उकाड्यात दिवसभर घरात बसून कंटाळले होते. म्हटलं, अण्णांना एकदा खरा पहाड दाखवू.

अण्णांना ओळखणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. जगातली कुठलीही चीज दिसली की ते तिची तुलना वाई-साताऱ्याशी करतात. ह्यूस्टनचा बायो पाहून म्हणाले, "आमचा ओढा बरा." मॉलमध्ये गेले तर म्हणाले, "आमच्या सोमवारच्या बाजारात गर्दी जास्त." आम्ही घरात यावर हसायचो. पुढे हीच सवय आमच्या कामी आली.

आता माझं नियोजन ऐका. एक्सेल शीट केली होती. सकाळच्या विमानाने डेन्व्हर, दुपारी गाडी घेऊन एस्टेस पार्क, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी ट्रेल रिज रोड. हा रस्ता पार्काच्या आरपार, एस्टेस पार्कपासून ग्रँड लेकपर्यंत ४८ मैल जातो. १९३२ साली तो वाहतुकीला खुला झाला. सर्वांत उंच जागा १२,१८३ फूट, आणि त्यातले ११ मैल तर झाडं उगवण्याच्या हद्दीच्याही वर. हिवाळ्यात तो बंदच असतो. २०२० सालापासून उन्हाळ्यात पार्कात शिरायला आधी वेळ राखून ठेवायची पद्धत सुरू झाली. ती वेळसुद्धा मी महिनाभर आधी मिळवली होती. शीटमध्ये सगळं होतं. फक्त एक रकाना नव्हता, तो कुठला ते शेवटी सांगतो.

अंदाज यावा म्हणून उंचीचा हिशेब देतो. डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं, जेमतेम शंभर-सव्वाशे फूट कमी. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर जिथे संपतं तिथे या लोकांचा विमानतळ सुरू होतो! एस्टेस पार्क साडेसात हजारांवर. आणि बारा हजार फुटांवर हवा इतकी विरळ की समुद्रसपाटीच्या मानाने दर श्वासाला ऑक्सिजन सुमारे एक तृतीयांश कमी मिळतो. आम्ही समुद्रसपाटीवरून उठून चोवीस-तीस तासांत तिथे पोहोचणार होतो. हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. मी तो मांडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आवराआवरीत उशीर झाला. दशम्या, चटणी, गुळाच्या पोळ्या, थर्मासमध्ये चहा, असा सगळा सरंजाम घेऊन निघेपर्यंत साडेदहा वाजले. वाटेत एल्कचा कळप दिसला, तिथे अर्धा तास गेला. झाडं बुटकी होत होत संपली आणि आम्ही उघड्या माळावर आलो. यालाच टंड्रा म्हणतात. 'रॉक कट' नावाच्या थांब्यावर (१२,११० फूट) उतरून पायवाटेने चालायला लागलो. बोटभर उंचीची झाडं, त्यांना निळी, पिवळी, गुलाबी फुलं. दगडांमधून पिका नावाचा उंदराएवढा प्राणी चीं चीं करत पळत होता. वाटेवर पाटी होती: गवतावर पाय देऊ नका. इथलं एक रोप तुडवलं तर तिथे पुन्हा उगवायला कित्येक दशकं लागतात.

मी फोटो काढण्यात दंग. कन्या हळूच जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, आजोबा अजून कास म्हणाले नाहीत."

तिचं बरोबर होतं. साताऱ्याजवळचं कास पठार पाहिलेल्या कुणालाही इथे कास आठवल्याशिवाय राहणार नाही. तोच उघडा सडा, तीच इवली इवली फुलं, तोच वारा. आणि अण्णा गप्प. मी म्हणालो, "दमले असतील." आणि शीटप्रमाणे पुढच्या थांब्याकडे गाडी हाणली.

पुढचा थांबा म्हणजे अल्पाइन व्हिजिटर सेंटर, ११,७९६ फूट. तिथून एक पायऱ्यांची वाट वर टेकाडावर जाते. पायऱ्या फार नाहीत. पण तिथल्या दहा पायऱ्या म्हणजे वाईच्या घाटावरच्या शंभर. एव्हाना एक वाजून गेला होता आणि पश्चिमेकडून काळे ढग येत होते. मी म्हणालो, "अण्णा, एवढं आलोय तर माथ्यावरून फोटो काढून येऊ." ते काही न बोलता निघाले. पंधरा-वीस पायऱ्या झाल्या आणि ते कडेला बसले. चेहरा राखेसारखा. विचारलं तर म्हणाले, "काही नाही रे, सकाळपासून डोकं जरा चढलंय. तुम्ही जाऊन या."

"सकाळपासून? मग बोलला का नाहीत?"

"एवढा खर्च केलास. पोरीचा विरस कशाला?"

मंडळी, सांगायला लाज वाटते, पण क्षणभर माझी नजर वर गेली. आणखी पन्नासच पायऱ्या होत्या. तेवढ्यात पहिली गडगड ऐकू आली. खालून एक रेंजरबाई सगळ्यांना उतरायला सांगत वर आल्या. त्यांनी अण्णांकडे एकदा पाहिलं, त्यांना दोन-चार प्रश्न विचारले आणि मला म्हणाल्या, "यांना आधी खाली न्या. औषध-पाणी नंतर, आधी उंची कमी करा."

खाली, पण कुठल्या बाजूला? हॉटेल पूर्वेला. पण तिकडे जायचं तर पुन्हा १२,१८३ फूट चढून त्याच उघड्या माळावरून, विजांखालून जावं लागणार. पश्चिमेला मात्र लगेच उतार. आम्ही पश्चिमेला वळलो. गाडीच्या टपावर गारा ताशा वाजवत होत्या. मागच्या सीटवर सौ. अण्णांचा हात धरून बसली होती, आणि कन्या दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आजोबा, आज वार कुठला?" हे तिने कुठे वाचलं होतं देव जाणे, पण प्रश्न अगदी योग्य होता. फोनला रेंज नव्हती. कोविडच्या काळात हौसेने घेतलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ह्यूस्टनच्या ड्रॉवरमध्ये आरामात पडलं होतं.

नऊ हजार फुटांच्या आसपास दरी आली आणि अण्णांनी पाणी मागितलं. मग म्हणाले, "दशमी आहे का?" सौ.ला रडूच फुटलं.

त्या रात्री आम्ही ग्रँड लेकला राहिलो, ८,३६९ फुटांवर. जवळच्या गावातल्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, उंचीचाच त्रास आहे, वेळेवर उतरलात. डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत वर जायचं नाही. एस्टेस पार्कच्या हॉटेलचे पैसे बुडाले. शीट तर पहिल्याच दिवशी बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा ताजेतवाने. दरीतल्या दरीतच, सपाटीवर, हळूहळू हिंडायचं ठरलं. कुरणातून एक झरा वाहत होता, चार उड्यांत ओलांडता येईल एवढा. मी म्हणालो, "अण्णा, ही कोलोरॅडो नदी. पुढे ग्रँड कॅन्यन कोरणारी तीच." अण्णांनी चप्पल काढली, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "आमची कृष्णासुद्धा महाबळेश्वरला एवढीच आहे."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आले, अण्णा परत आले!

मग ते समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. 'नेव्हर समर' नावाची ती रांग. तिच्या अंगावर एक आडवी रेघ दिसत होती. मी म्हटलं, "जुना रस्ता असेल."

"रस्ता नव्हे. रस्ता चढेल, उतरेल. ही रेघ हजाराला एखाद-दोन फूट उतरतेय. पाट आहे तो. कुणीतरी या बाजूचं पाणी पळवलंय."

मी हसलो. व्हिजिटर सेंटरमध्ये विचारलं, तर अण्णा शंभर टक्के बरोबर! त्याला 'ग्रँड डिच' म्हणतात. पार्क झालं १९१५ साली. त्याआधी २५ वर्षं, १८९० मध्ये, तो पाट खणायला सुरुवात झाली आणि १९३६ मध्ये काम संपलं. हा डोंगर म्हणजे खंडाचा पाणलोट: पश्चिमेचं पाणी पॅसिफिककडे, पूर्वेचं अटलांटिककडे. पश्चिम उतारावरच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी अडवून हा पाट ते खिंडीतून पूर्वेच्या शेतांकडे नेतो. एवढंच नाही, तर ग्रँड लेकपासून पार्काच्या पोटातून १३.१ मैलांचा एक बोगदाही पाणी पूर्वेला नेतो. २००३ साली हा पाट फुटला आणि चिखल, झाडं, दगड थेट खालच्या दरीत, या बाळ कोलोरॅडोत आले.

"म्हणजे आपल्या कोयनेचं उलट," अण्णा म्हणाले. "कोयना मूळची पूर्वेला, कऱ्हाडला कृष्णेत मिळणारी. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला सोडलं, ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. आणि फुटण्याचं म्हणशील, तर डोंगरकडेचा पाट नेहमी खालच्या अंगानेच फुटतो." त्यानंतर तासभर त्यांनी नातीला काठीने जमिनीवर रेघा मारून पाटाचा उतार कसा काढतात ते शिकवलं. मीही शिकलो. मास्टर्स डिग्रीत हा धडा नव्हता.

आणखी एक रात्र राहून, अण्णांचं डोकं स्वच्छ असल्याची खात्री करून, सकाळी सातलाच आम्ही डोंगर ओलांडला. आकाश निरभ्र होतं. रॉक कटपाशी गाडी हळू केली. अण्णांनी काच खाली केली आणि म्हणाले, "अगदी कास!" तिथे उतरलो मात्र नाही.

तुमच्याकडेही पुढच्या उन्हाळ्यात आई-वडील येतील. जरूर न्या त्यांना डोंगरावर. पण जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सहा-सात-आठ हजार फुटांवर दोन रात्री काढा, मगच वर चढा. भरपूर पाणी प्या. पहाटे निघा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा ठरलेल्या, तेव्हा बाराच्या आत उघड्या माळावरून खाली या. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते पार्काच्या संकेतस्थळावर पाहा. आणि आपली माणसं 'काही नाही रे' म्हणाली, तर त्यावर विश्वास ठेवू नका. ती नेहमी काय बोलतात आणि आज काय बोलत नाहीत, तिकडे लक्ष ठेवा.

अण्णा आता वाईला परतले आहेत. घाटावरच्या त्यांच्या मित्रमंडळींत बारा हजार फुटांचा विषयही निघत नाही म्हणे, पाटाचाच निघतो. माझ्या शीटमध्ये एक नवा रकाना आला आहे: 'अण्णांना विचारलं का?' तो अगदी पहिला ठेवलाय.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर तुमच्या प्रवासातल्या फसलेल्या बेतांच्या गोष्टी जरूर कळवा. यशस्वी बेत सगळेच सांगतात!