झाडे वाचवणारी गांधीलमाशी

बाह्यरुग्ण विभागात रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतो. काम काय करता, तंबाखू खाता का, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का. ‘तुमच्या घरासमोर झाड आहे का?’ असे मी सरकारी रुग्णालयातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही विचारलेले नाही. अमेरिकेतला एक अभ्यास वाचल्यापासून मात्र हा प्रश्न मनातून जात नाही.

जेफ्री डोनोव्हन हे तेव्हा तिथल्या वनसेवेत संशोधक होते. एका किडीमुळे सुमारे दहा कोटी झाडे मेली, त्या भागात माणसांचे काय झाले, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंच्या नोंदी त्यासाठी पाहिल्या. उत्पन्न, शिक्षण, वंश यांतले फरक लक्षात घेऊनही निष्कर्ष असा निघाला, की कीड पोहोचलेल्या १५ राज्यांत श्वसनविकाराचे ६,११३ आणि हृदयविकाराचे १५,०८० जादा मृत्यू झाडांच्या मरण्याशी निगडित होते. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी स्त्रियांच्या आरोग्यावरील एका मोठ्या पाहणीच्या आधारे केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, किडीच्या भागात राहणाऱ्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के अधिक आढळला.

आकडे वाचून मी लगेच मान डोलावली नाही. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे वैद्यकशास्त्र मानत नाही. पण कीड माणसांची मिळकत किंवा सवयी पाहून गाव निवडत नाही, म्हणून हा निसर्गानेच मांडलेला एक प्रयोग ठरतो. शिवाय झाडांची सावली उष्मा कमी करते, पाने धूळ अडवतात, सावलीच्या रस्त्यावर माणूस चालायला निघतो. म्हणजे कार्यकारणाची साखळी पटण्याजोगी आहे. झाडांची कीड हा केवळ वनखात्याचा विषय राहत नाही, तो आमच्याही खात्यात येतो.

ही कीड म्हणजे पाचूसारख्या चमकदार हिरव्या रंगाचा, जेमतेम अर्ध्या इंचाचा भुंगेरा. मूळ पूर्व आशियातला. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो अमेरिकेत उतरला असावा. २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ तो ओळखला गेला, तोवर त्याने तिथे बरीच वर्षे ठाण मांडले होते. त्याचे भक्ष्य अ‍ॅश जातीची झाडे. आपल्या मोगरा-पारिजातकाच्याच कुळातली ही उंच झाडे तिथल्या जंगलांत आणि शहरांतल्या रस्त्यांकडेला हजारोंनी होती. भुंगेऱ्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पोखरते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर तुटतो आणि झाड काही वर्षांत वाळते. आमच्या भाषेत सांगायचे तर रक्तवाहिन्याच बंद होतात. वरून लक्षण दिसते, तेव्हा आत फार उशीर झालेला असतो.

सुरुवातीचे उपाय ओळखीचेच होते. बाधित झाडे तोडली, लाकडाच्या वाहतुकीवर बंदी घातली. खोडात एमामेक्टिन बेन्झोएटचे इंजेक्शन दिले की झाड वाचते, पण दर दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागते. अंगणातल्या एका झाडाला हे जमते, जंगलाला नाही. अखेर जानेवारी २०२१ मध्ये सरकारने वाहतूकबंदी मागे घेतली आणि तो पैसा व मनुष्यबळ वळवले एका वेगळ्या उपायाकडे. तो उपाय म्हणजे परजीवी गांधीलमाशी.

गांधीलमाशी म्हटले की आपल्याला सुजलेला गाल आठवतो. या माश्या तशा नाहीत. काही तर मुंगीहूनही लहान असतात आणि माणसाला डंख करत नाहीत. भुंगेऱ्याच्या मूळ प्रदेशात त्याचे शत्रू कोण, याचा शोध घेतल्यावर चीनमधून तीन जाती निवडल्या गेल्या आणि २००७ पासून सोडल्या गेल्या. ओबियस ही सुमारे एक मिलिमीटरची माशी भुंगेऱ्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. टेट्रास्टिकस सालीतून अंडनलिका खुपसून अळीच्या शरीरात अंडी घालते आणि एकेका अळीतून तिची कित्येक पिल्ले बाहेर पडतात. तिसरी स्पॅथियस, तीही अळीच्याच मागावर. उत्तरेकडच्या राज्यांत ती नीट टिकली नाही, म्हणून रशियाच्या अतिपूर्वेतून तिची बहीण आणली गेली. तिला २०१५ मध्ये परवानगी मिळाली.

या माश्या वाढवण्याचे काम मिशिगनमधील ब्रायटन येथे २००९ पासून चालते. तिथली खरी अडचण अशी, की मित्र वाढवायचा तर आधी शत्रू वाढवावा लागतो. भुंगेऱ्यांना अ‍ॅशची ताजी पाने खाऊ घालायची, त्यांच्याकडून अंडी मिळवायची, ओंडक्यांत अळ्या पोसायच्या आणि मग त्यांच्यावर माश्या सोडायच्या. पुढे परजीवी वाढलेले ओंडके जंगलातल्या झाडांना टांगतात, तर ओबियसची अंडी गोळ्यांच्या डबीसारख्या छोट्या जाळीदार डबीतून झाडावर लटकवतात. मला यात आपली सर्पदंशाची लस दिसते. ती बनवायला सापाचे विष काढावे लागते, घोडे पाळावे लागतात. ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमधली एक कुपी रात्री दोन वाजता जीव वाचवते, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षे घोडे सांभाळणारी माणसे असतात. त्यांचे नाव कुणाला ठाऊक नसते.

औषधाला दुष्परिणाम असतात, तसे या उपायालाही. त्याच अमेरिकेत १९०६ मध्ये जंगल फस्त करणाऱ्या एका पतंगाविरुद्ध युरोपातून एक परजीवी माशी आणली गेली. तिने १८० हून अधिक जातींच्या कीटकांवर हल्ला चढवला आणि तिथले देखणे मोठे रेशमी पतंग कमी होण्यास ती कारण ठरली, असे नंतर दिसून आले. म्हणूनच आता कोणतीही माशी सोडण्याआधी ती स्थानिक कीटकांवर जाते का, हे बंदिस्त प्रयोगशाळेत तपासतात. नव्या औषधाच्या चाचण्यांसारखेच हे आहे. ही चाळणी लावायला वेळ लागतो आणि तो वाचवण्याचा मोह टाळायला हवा.

मग यश किती? प्रामाणिक उत्तर, अर्धे. टेट्रास्टिकस मिशिगनमध्ये चांगली रुजली, कोवळ्या झाडांमधली कीड तिने खाली आणली. पण तिची अंडनलिका आखूड. जाड सालीच्या मोठ्या झाडात ती पोहोचत नाही. तिथे लांब अंडनलिकेच्या रशियन माशीवर भिस्त आहे. जी मोठी झाडे आधीच मेली, ती काही परत येणार नाहीत. त्यांच्या मुळाशी उगवलेली रोपे मात्र आता मोठी होण्याची आशा आहे. कीड ओळखल्यापासून पहिली माशी सोडेपर्यंत पाच वर्षे गेली. ती कुणाच्या आळसामुळे गेली नाहीत. कीड येऊन ठेपल्यावर शून्यातून शोध सुरू केला, की एवढा वेळ लागतोच.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर मेक्सिकोकडचा पिठ्या ढेकूण दिसला आणि काही काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. पपईबरोबर तुती आणि साबुदाण्याचा कंदही त्याने सोडला नाही. शेतकऱ्यांनी फवारण्या केल्या, उपयोग झाला नाही. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोतून तीन परजीवी माश्या आणल्या गेल्या, बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत वाढवल्या आणि राज्याराज्यांत वाटल्या गेल्या. ढेकूण आटोक्यात आला. हे दोन वर्षांत होऊ शकले, कारण परदेशात त्या माश्या आधीच वाढवल्या आणि वापरल्या जात होत्या, आणि आपल्याकडे त्या वाढवणारी प्रयोगशाळा व जाणती माणसे तयार होती.

ट्रायकोकार्ड आपल्या ऊस-कापसाच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर परजीवी माशीची सुमारे २० हजार अंडी असतात. पण हे कार्ड कपाटात साठवून ठेवता येत नाही. ते जिवंत आहे, ठरलेल्या दिवशीच शेतात पोहोचावे लागते आणि त्यानंतर लगेच विषारी फवारणी केली तर कीड मरण्याआधी मित्रच मरतो. कार्डाच्या जागी फवारा आला की त्याचा हिशेब आमच्या वॉर्डात मांडला जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. अशा रुग्णाच्या उशाशी बसून अ‍ॅट्रोपिन देत रात्र काढलेला डॉक्टर किडीच्या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहू शकत नाही.

विदर्भातल्या सागाच्या पानांची पावसाळ्यात अळ्या अक्षरशः जाळी करतात. उद्या एखादी परकी कीड आपल्या आंब्यावर किंवा वडा-पिंपळावर उतरली, तर काय करणार? बंदरांवर लाकडाची आणि रोपांची कडक तपासणी हवी. वनखाते, कृषी खाते आणि महापालिकांची उद्याने यांच्यात किडीच्या नोंदींची देवाणघेवाण हवी. आणि मित्रकीटकांच्या प्रयोगशाळांना दरवर्षी अखंड पैसा आणि भरलेली पदे हवीत. रेशमाच्या किड्यासारखीच ही जित्राबे. आठवडाभर खाणे चुकले तर वर्षानुवर्षे जपलेली पैदास संपते. मंजुरी मार्चअखेर आली, तोवर माशी थांबत नाही.

साथ आल्यावर खाटा वाढवणाऱ्या सरकारचे कौतुक होते. साथ येऊच दिली नाही, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. लसीकरणाचे हेच दुःख आहे आणि मित्रकीटक वाढवणाऱ्यांचेही. अर्थसंकल्पात कात्री लावायला अशी कामे सोपी वाटतात, म्हणून त्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवे. कृषी शास्त्रज्ञ बोलतातच. आम्ही डॉक्टरांनीही बोलायला हवे, कारण झाड वाळले की त्याची पुढची नोंद आमच्याच केसपेपरवर होते.