कलमाची गोडी
आडरानातला रायवळ आंबा चोखून पाहावा, तर बहुधा गोडीआधी आंबटपणा, दातांत अडकलेले केसर आणि गरापेक्षा थोर बाठा एवढाच ऐवज पदरी पडतो. आणि त्यात वृक्षाचा दोष तो कोणता, कारण पशुपक्ष्यांनी फळ खावे व बी दूर टाकावे, इतक्या कामाच्या मोबदल्यापुरतीच गोडी तो मोजून देतो. मनुष्याची हाव याहून मोठी. परंतु गोड आंब्याची कोय पेरली, तरी परागसंकरामुळे तिच्यातून मातृवृक्षाबरहुकूम फळ येईल अशी शाश्वती नसते, आणि म्हणूनच पोर्तुगीज अमदानीत गोव्यात कलमाची विद्या रुजली, तेव्हा दैववशात गवसलेल्या एखाद्या उत्तम वृक्षाच्या अस्सल प्रतिकृती बागोबाग नांदू लागल्या. हापूस हे त्याच निवडीचे अपत्य. मात्र बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापावा आणि बाठ्यालगत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस साका निघावा, हे दुःख कोकणात ठाऊक नाही असे घर नसेल. त्यावर उपाय म्हणून वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून सिद्ध झालेला, साक्यापासून मुक्त असा ‘रत्ना’ १९८१ साली प्रसृत झाला, तरी पेटी घेताना आमचे गिऱ्हाईक अजून हापूसच मागते.