नवा गडी, जुने राज्य

‘नवा गडी, नवे राज्य’ अशी मराठीत म्हण आहे. मागचा हिशेब पुसून टाकायचा आणि सारे पहिल्यापासून मांडायचे, असा तिचा रोख आहे. व्यावसायिक फुटबॉलच्या जगात मात्र दर उन्हाळ्यात याच्या नेमके उलट घडत असते. युरोपातील क्लबांच्या खरेदी-विक्रीचा हंगाम सुरू झाला, की कोणी तरी एक नामांकित खेळाडू प्रचंड रकमेला एखाद्या बलाढ्य संघात दाखल होतो. गडी नवा असतो, राज्य मात्र जुने असते. त्या राज्याचे कायदे ठरलेले असतात, मानपान ठरलेले असतात, कोणी कोठे धावायचे आणि कोणी कोणासाठी थांबायचे हेही ठरून गेलेले असते. अशा ठिकाणी नवागताने सामावायचे कसे, हा प्रश्न वरवर क्रीडारसिकांपुरता वाटतो. वस्तुतः जेथे जेथे माणसे एकत्र येऊन काम करतात, तेथे तेथे तो उभा राहतो. फुटबॉलमध्ये त्याचे उत्तर हजारो प्रेक्षकांदेखत द्यावे लागते, एवढाच काय तो फरक.

या प्रश्नाकडे पाहण्याची रूढ दृष्टी अगदी सरळ हिशेबाची आहे. संघ बलवान आहे, खेळाडू गुणवान आहे. तेव्हा दोहोंची बेरीज अधिक बलवान व्हायला हवी. ती तशी झाली नाही, की दोष खेळाडूचा. पण संघ ही बेरीज नसते. ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम काही मिनिटे असतो. उरलेला सारा वेळ तो चेंडूवाचून खेळत असतो: जागा अडवत असतो, जागा मोकळी करत असतो, सहकाऱ्याची चूक झाली तर ती निस्तरण्याच्या तयारीत असतो. हे न दिसणारे काम आपसांत वाटून घेण्याची जी रीत संघात मुरलेली असते, तीच त्याची खरी ताकद. नवा खेळाडू येतो तेव्हा ही वाटणीच मोडते. तो किती थोर आहे हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. तो आल्यावर कोणाचे काम कोणाकडे जाणार, हा पहिला प्रश्न होय. आणि नेमका तोच विचारायचे पुष्कळदा राहून जाते.

मँचेस्टर सिटी या एकाच क्लबच्या इतिहासात, ५० वर्षांच्या अंतराने, या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे पाहायला मिळतात.

पहिले उत्तर १९७२ चे. सिटीचा त्या वेळचा संघ सामान्य नव्हता. १९६८ मध्ये त्याने इंग्लंडची साखळी स्पर्धा जिंकली होती आणि पुढील दोन वर्षांत एफ. ए. चषक, लीग चषक व युरोपातील चषकविजेत्यांची स्पर्धाही जिंकली होती. कॉलिन बेल, फ्रान्सिस ली, माइक समरबी यांचा खेळ वेगवान आणि सरळ होता. चेंडू मिळाला की वेळ न दवडता पुढे, हा त्यांचा बाणा. १९७२ च्या मार्चमध्ये हा संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना प्रशिक्षक माल्कम ॲलिसन यांनी क्वीन्स पार्क रेंजर्सकडून रॉडनी मार्श याला दोन लाख पौंडांना घेतले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. मार्शचे कौशल्य वादातीत होते. चेंडू पायाशी खेळवत, प्रतिस्पर्ध्याला हुलकावण्या देत तो प्रेक्षकांना मंत्रमुग्ध करी. पण तो चेंडू खेळवीत असताना बाकीच्यांनी काय करायचे? ज्या वेगावर संघ उभा होता, तो वेगच खुंटला. सिटीचा मोसम ५७ गुणांवर संपला आणि संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. विजेत्या डर्बी काउंटीचे गुण होते ५८.

केवळ एका गुणाचा हा फरक मार्शच्या नावाला कायमचा चिकटला. त्याने स्वतःही पुढे तो दोष आपल्या पदरी घेतला. पण न्यायबुद्धीने पाहिले तर काय दिसते? मोसमातील आपल्या शेवटच्या सामन्यात सिटीने त्याच डर्बीला २-० असे हरवले आणि त्या दोन गोलांतील एक मार्शचाच होता. म्हणजे खेळाडू खोटा नव्हता. वेळ खोटी होती. धावत्या गाडीचे चाक बदलायचे कोणी ठरविले असेल, तर गाडी घसरल्याचा दोष चाकाला देऊन चालत नाही. मोसमाच्या ऐन अखेरीस, सरावाला आणि परिचयाला सवड नसताना, जमलेल्या घडीत नवा माणूस घालण्याचा निर्णय मार्शने घेतलेला नव्हता. ज्यांनी तो घेतला त्यांच्या वाट्याला मात्र त्या मानाने थोडाच बोल आला.

दुसरे उत्तर २०२२ चे. त्याच क्लबने त्या उन्हाळ्यात बोरुसिया डॉर्टमुंडकडून अर्लिंग हालांड या २१ वर्षांच्या नॉर्वेजियन आघाडीपटूला घेतले. पेप ग्वार्डिओला यांच्या संघाने आधीच्या सलग दोन मोसमांत साखळी जिंकली होती, आणि तीही ठरावीक सेंटर फॉरवर्डशिवाय. २०२१-२२ मध्ये साखळीत संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू केव्हिन डी ब्रॉयना मधल्या फळीतला होता आणि त्याचे गोल होते १५. गोल करण्याचे काम अशा रीतीने सर्वांत वाटलेले होते. अशा संघात केवळ गोल करण्यासाठी जन्मलेला माणूस आणून बसविणे म्हणजे विस्कटण्याला आमंत्रणच, अशी शंका जाणकारांनी बोलून दाखविली. लिव्हरपूलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अगदी गोलच्या तोंडाशी आलेली संधी हालांडने दवडली, तेव्हा टीकाकारांना आयतेच निमित्त मिळाले.

पुढे घडले ते सर्वश्रुत आहे. साखळीच्या एका मोसमात ३६ गोल करून त्याने प्रीमियर लीगमधील ३४ गोलांचा विक्रम मोडला. पण या आकड्याशेजारी दुसरे दोन आकडे ठेवले पाहिजेत. सिटीने २०२१-२२ मध्ये साखळीत ९९ गोल केले होते. हालांड आल्यावर २०२२-२३ मध्ये ते ९४ झाले. गुणही ९३ वरून ८९ वर आले. एकट्याने ३६ गोल केले आणि संघाचे गोल घटले! मोसमाचा बराच काळ आर्सेनल पुढे होता आणि हालांडमुळे संघ सुधारला की बिघडला, हा वाद अगदीच निराधार नव्हता.

त्या अडचणीच्या काळात ग्वार्डिओला यांनी जे केले, ते पाहण्यासारखे आहे. पुढे एक माणूस कायमचा गुंतला म्हणजे मधल्या फळीत एक माणूस कमी पडणार, हे त्यांनी ओळखले. त्यांनी जॉन स्टोन्स या बचावपटूला, चेंडू आपल्याकडे असताना, रॉड्रीच्या शेजारी मधल्या फळीत उभे राहायला शिकविले. एका नवागतासाठी मागच्या माणसाचे काम बदलले. हालांडनेही आपल्या परीने शिकून घेतले. ऑगस्टमध्ये बोर्नमथविरुद्ध त्याचा चेंडूला अवघा आठ वेळा स्पर्श झाला होता. पण त्यांतील एका स्पर्शातून गुंडोगानचा गोल झाला आणि संघ ४-० असा जिंकला. गोल न करताही उपयोगी पडता येते, हा धडा त्यात होता. फेब्रुवारीच्या अखेरीपासून सिटीने साखळीतील सलग १२ सामने जिंकले आणि साखळी, एफ. ए. चषक व चॅम्पियन्स लीग अशी तिहेरी कामगिरी साधली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की त्या दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत हालांडच्या नावावर एकही गोल नाही. वेम्बलीवर गुंडोगानने दोन आणि इस्तंबूलमध्ये रॉड्रीने एक गोल केला. प्रतिपक्षाचे बचावपटू हालांडवर डोळा ठेवून होते. मोकळी जागा इतरांना मिळत होती.

अर्थात प्रत्येकाचे बस्तान एवढ्या लवकर बसत नाही. त्याच क्लबने २०२१ मध्ये दहा कोटी पौंड मोजून जॅक ग्रीलिशला घेतले होते. ॲस्टन व्हिलाचा तो कर्णधार. तेथे सारा खेळ त्याच्याभोवती फिरे. सिटीत त्याला डाव्या कडेला थांबून चेंडू सांभाळण्याचे, घाई न करण्याचे काम मिळाले. पहिल्या मोसमात साखळीत त्याचे गोल झाले तीन. एका गोलाची किंमत काय पडली, याची थट्टा वृत्तपत्रांनी मनसोक्त केली. दुसऱ्या वर्षी तोच ग्रीलिश त्या तिहेरी यशाचा एक आधारस्तंभ होता. मधल्या काळात त्याचे पाय बदलले नव्हते. एका संघातील राजा दुसऱ्या संघातील कारभारी व्हायला शिकला, आणि शिकायला त्याला एक वर्ष देण्यात आले.

जेथे हा विचार होत नाही तेथे काय घडते, याचा दाखला माद्रिदमध्ये सापडतो. २००३ मध्ये रेआल माद्रिदने स्पेनची साखळी जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला मोठ्या गाजावाजाने आणले. त्याच वेळी क्लोद माकेलेले याला चेल्सीकडे जाऊ दिले. माकेलेले गोल करीत नसे, त्याची छायाचित्रे फारशी झळकत नसत. इतरांनी पुढे धावावे आणि मागे राहिलेले भगदाड याने बुजवावे, एवढेच त्याचे काम. तो गेल्यावर ते भगदाड सर्वांना दिसू लागले. पुढील मोसमात संघ चौथा आला आणि साखळीचे विजेतेपद २००७ पर्यंत परतले नाही. बेकहॅमने मेहनतीत कसूर केली नव्हती. कळस चढविण्याच्या नादात क्लबने पायाचा दगड विकला होता.

दोन दशकांनंतर त्याच क्लबात या कथेची दुसरी आवृत्ती निघाली. २०२४ मध्ये रेआल स्पेनचा आणि युरोपचा विजेता असताना किलियन एम्बापे त्यात दाखल झाला. त्याच उन्हाळ्यात मधल्या फळीचा सूत्रधार टोनी क्रूस निवृत्त झाला होता. शिवाय एम्बापेला जी डावी बाजू प्रिय, तेथे व्हिनिसियस ज्युनियर आधीच पाय रोवून होता. एम्बापेने साखळीत ३१ गोल केले, स्पेनमध्ये सर्वाधिक. तरीही साखळी बार्सिलोनाने जिंकली आणि युरोपात आर्सेनलने रेआलला उपान्त्यपूर्व फेरीतच बाहेर काढले. बचावफळीतील मोठ्या दुखापतींनी संघ हैराण होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु ज्या पॅरिसच्या संघाला सोडून एम्बापे आला होता, त्या संघाने त्याच मोसमात, ३१ मे २०२५ रोजी, म्युनिकमध्ये इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवून प्रथमच युरोपचे विजेतेपद मिळविले. जो आला तो गोल करीत राहिला. जेथून गेला तेथे त्याचे काम अनेकांनी वाटून घेतले. यावरून एम्बापे अपशकुनी ठरत नाही. एवढेच ठरते, की संघाची घडी एका नावाने बसत नाही आणि एक नाव गेल्याने मोडतही नाही.

या सर्व उदाहरणांतून काही कर्तव्ये स्पष्ट होतात. नवागताचे कर्तव्य असे, की आल्या आल्या आपले मोल सिद्ध करण्याची घाई त्याने करू नये. ती घाईच त्याला एकांडा बनविते. सहकारी पास कोणत्या पायावर घेतो, कोण कधी मागे वळतो, हे त्याने आधी शिकावे आणि चेंडू गमावला तर तो परत मिळविण्यासाठी सर्वांच्या आधी धावावे. जुन्यांचे कर्तव्य अधिक कठीण. आपल्या हक्काच्या जागेतून दोन पावले सरकणे हे मानी माणसाला जड जाते. स्टोन्सने ते केले म्हणून हालांडचे यश शक्य झाले, हे मात्र विसरता कामा नये. आणि सर्वांत मोठी जबाबदारी संघ चालविणाऱ्यांची. करारावर सही होण्यापूर्वी त्यांनी स्वतःला विचारले पाहिजे: हा येणार तर कोणते काम सुटणार, ते कोण उचलणार आणि ते शिकायला आपण किती दिवस देणार? याचे उत्तर ज्यांच्यापाशी नाही, ते खेळाडू विकत घेत नसतात, केवळ जाहिरात विकत घेत असतात.

राहिला प्रेक्षक. त्याच्या हाती ना करार असतो, ना संघनिवड. पण त्याच्या हाती एक मोठी सत्ता असते, ती म्हणजे निवाड्याची. २० ते २५ वर्षांचा एक तरुण अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, डोक्यावर कोट्यवधींचे ओझे घेऊन मैदानात उतरतो आणि तिसऱ्या सामन्यात त्याची हुर्यो उडविली जाते. ती रक्कम त्याने स्वतः ठरविलेली नसते. नव्या शाळेत बदली होऊन आलेला शिक्षक किंवा नव्या खात्यात रुजू झालेला कारकून यांना या तरुणाची अवस्था समजावून सांगण्याची गरज पडू नये. पहिल्या महिन्यातील अडखळण्यावरून आपली परीक्षा होऊ नये, असे त्यांनाही वाटलेले असते. आणि शेजारच्या टेबलावरच्या कोणी तरी आपण होऊन दाखविलेली फाईलची वाट त्यांच्या आजन्म लक्षात राहिलेली असते.

मार्शला १९७२ मध्ये मिळाले जेमतेम काही आठवडे. ग्रीलिशला एक वर्ष मिळाले. दोघांच्या गुणांत जो फरक असेल तो असो, दोघांच्या नशिबातील फरक मुख्यतः या अवधीचा आहे. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या बलाढ्य संघात नवा गडी आला आणि पहिल्या काही सामन्यांत तो चाचपडताना दिसला, तर त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी एकदा त्याच्या आजूबाजूला पाहावे. त्याच्यासाठी कोण सरकले आहे, हे शोधावे. कोणीच सरकलेले नसेल, तर अपयश कोणाचे, हे वेगळे सांगायला नको.