शांत, टुमदार वगैरे

फेब्रुवारी उजाडला की रविवार पुरवण्यांत वेळासवर लेख यायला लागतात. गेली पंधराएक वर्षं मी ते नेमाने वाचतोय, त्यामुळे आता पहिल्या दोन ओळींतच पुढचं सगळं कळतं. आधी मंडणगडकडून उतरणारा वळणावळणाचा रस्ता. मग बाणकोटचा किल्ला, तिथून दिसणारं सावित्रीचं मुख आणि पलीकडे हरिहरेश्वर. मग लाल माती, जांभ्याचे गडगे, नारळी-पोफळी, नाना फडणवीसांचं स्मारक, केळीच्या पानावरचे मोदक. आणि शेवटी पहाटेच्या उजेडात समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं. (पिल्लं गोड असतात, त्याबद्दल वाद नाही.) सगळ्यात खाली एक चौकट: कसं जाल, कुठे राहाल, काय खाल.

माझं भांडण यातल्या कशाशीच नाही. भांडण आहे ते एका शब्दाशी, जो या प्रत्येक लेखात किमान तीनदा येतो. ‘शांत’. गाव शांत आहे. इथली शांतता मनात झिरपते. शहराच्या गोंगाटातून आलेल्या माणसाला ही शांतता म्हणजे वगैरे वगैरे. लेखकाला ती समुद्रासारखी किंवा वाऱ्यासारखी निसर्गाने दिलेली वस्तू वाटते. हे गाव इतकं शांत का आहे, असा प्रश्न एकालाही पडलेला मी पाहिला नाही.

उत्तर फार खोल नाही. जनगणनेच्या तक्त्यात आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास १७ लाख माणसं होती, २०११ साली १६ लाख १५ हजार. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीची घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. (मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, पण तिथली माणसं विरार-नालासोपाऱ्याला सरकली. त्यातही आमची कोकणातलीच किती असतील ते सांगायला नको.) रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून कोणी मुलींच्या जन्माचं स्वागत वगैरे समजू नये. पुरुष इथे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तर ही शांतता म्हणजे माणसं निघून गेल्यावर जे उरतं ते. रिकाम्या घराला आपण शांत घर म्हणत नाही. मग रिकामं होत चाललेलं गाव शांत कसं झालं?

आता नाना फडणवीसांचंच घ्या. वेळासवरच्या काही लेखांत ‘नानांचं जन्मगाव’ असं ठोकून दिलेलं असतं. नाना १७४२ साली साताऱ्याला जन्मले. वेळास हे त्यांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाकाने श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर निघाले, तेव्हा वेळासचे भानू बंधूही त्यांच्यासोबत गेले. म्हणजे गावाचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस प्रसिद्ध झाला कारण त्याचं घराणं त्याच्या जन्माआधीच गावातून निघून गेलं होतं. गाव सोडणं हा इथला जुना धंदा आहे, पोफळीच्या बागांइतका जुना.

याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. तेही इथे जन्मले नाहीत, वडील सैन्यात होते म्हणून महूला जन्मले. वेळासच्या लेखात नाना येतात, तालुक्यातलं हे दुसरं गाव का येत नाही? समुद्र नाही म्हणून, असं कोणी म्हणेल. मला वाटतं कारण वेगळं आहे. आंबडवे आलं की खोत येतो. खोत आला की ही लाल माती कसत कोण होतं आणि त्यातलं घरी नेत कोण होतं, हा प्रश्न येतो. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. ते काही तेव्हा कायदा झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर कोकणातल्या कुणब्याने आणि महाराने आपली पोरं मुंबईला धाडून झाली होती. शेतात राबून अर्धं खोताला द्यायचं, त्यापेक्षा गिरणीत सांच्यावर उभं राहिलेलं बरं!

माझे आजोबा त्यातलेच. लालबागच्या एका खोलीत पाळ्यांनी झोपणाऱ्या गाववाल्यांतले एक. खोली एक, वळकट्या पंधरा, आणि पोस्टमन गावात आला की बायका उंबऱ्याशी येऊन उभ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबल्या. त्या वर्षी आमची वाडीही फार शांत होती म्हणे.

हो, वाडी. हाही एक शब्द या लेखांत नसतो. कोकणातलं गाव म्हणजे वाड्यांचा विखुरलेला घोस असतो: ब्राह्मणआळी, भंडारवाडा, कुणबीवाडी, कोळीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी. सरकारने ११ डिसेंबर २०२० ला आदेश काढून वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायला सांगितली, त्याप्रमाणे काही पाट्या बदलल्याही. विहिरी आणि वाटा होत्या तिथेच आहेत. लेख लिहिणारा गाडीतून उतरतो, सारवलेल्या अंगणाच्या आणि माडीच्या घरात राहतो, देवळात जातो, किनाऱ्यावर जातो आणि परततो. त्याने पाहिलेलं गाव खोटं नसतं. फक्त ते दोन वाड्या आणि एक पुळण एवढंच असतं. कोळीवाड्यात सुकटीचा वास येतो, तो टुमदार या शब्दात बसत नाही.

कासवांबद्दल मात्र मला नीट बोलायचंय, कारण तिथे खरंच चांगलं काम झालंय. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ साली वेळासला सुरुवात केली. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळूने बुजवते आणि निघून जाते. मग कोल्हे, कुत्री आणि माणसं. त्यावर उपाय असा की पहाटे किनारा फिरायचा, वाळूतला माग ओळखायचा, अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तितक्याच खोल पुरायची आणि पन्नासएक दिवस वाट पाहायची. हे काम गावातल्या माणसांनी केलं. थंडीत, पहाटे, वर्षानुवर्षं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि त्यासोबत घरगुती राहण्या-जेवण्याची सोय. गावात चार पैसे आले. उत्तम.

पण लेखात ही गोष्ट कशी सांगतात पाहा. पूर्वी गावकरी कासवाची अंडी खायचे-विकायचे, मग शहरातून जाणीव आली आणि गावकरी सुधारले. वाल्याचा वाल्मीकी! अंडी काढून विकणाऱ्याला त्यातून काय मिळत होतं आणि त्याने ते का सोडलं, हे विचारायला कोणी थांबत नाही. आणि कासवाला खरा धोका वाळूत जितका आहे तितकाच, कदाचित जास्त, पाण्यात आहे. तिथल्या यंत्रांच्या मोठ्या जाळ्यांबद्दल एक ओळ नसते. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. कागदावर. छोट्या होडीचा मच्छीमार तेव्हापासून ओरडतोय की रात्री समुद्रात गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. याच छोट्या मच्छीमाराला सांगितलंय की जाळ्यात कासव सापडलं तर स्वतःचं जाळं काप आणि कासव सोड. त्याची भरपाई, जास्तीत जास्त २५ हजार, सुरू झाली डिसेंबर २०१८ मध्ये. तोपर्यंत ज्यांनी जाळं कापलं त्यांनी पदरमोड करून कापलं. त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. पिल्लासारखे गोड दिसत नसावेत.

आणि एक. वेळासला येणारी कासवं दोन-अडीच महिने पर्यटक आणतात. वानरं बारा महिने असतात. परसातला भोपळा, पपई, कोवळे नारळ, कशाकशाचं नाव घ्यावं! कित्येकांनी वानरांपायी भुईमूग लावणं सोडलं. वानरांवर लेख मी अजून वाचलेला नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात ते जमिनीवर चढलं आणि मंडणगड-दापोलीलाही झोडपून गेलं. गंमत पाहा (गंमत कसली म्हणा), त्या जूनमध्ये गावं कित्येक वर्षांत नव्हती इतकी भरलेली होती. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी परतले होते, शाळेत चौदा-चौदा दिवस काढून घरात शिरले होते. गाव अजिबात शांत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरचं कौल उडालं. पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या. कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नाही. सरकारी मदत नेहमीप्रमाणे हेक्टरवर मोजायला घेतली. इथे बाग गुंठ्यांत असते आणि त्या गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, त्यातली निम्मी वारलेली. ओरड झाल्यावर झाडामागे देण्याचं ठरलं: सुपारीच्या झाडाला ५० रुपये, नारळाला २५०. सुपारी लावल्यापासून हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात. पन्नास रुपये! पुढच्या हंगामात लेख पुन्हा सुरू झाले. किनारा पुन्हा फुलला होता म्हणे.

इतकं सांगितलं की माझे पुण्या-मुंबईचे मित्र एक ठेवणीतलं वाक्य काढतात: “अरे, पण विकास आला की गाव बिघडेल.” विकास म्हणजे काय, तर बाणकोट खाडीवरचा पूल. त्याचं काम सुरू झालं आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहिलं. वेसवी-बागमांडला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते, पर्यटकाला मजा येते. अडलेल्या बाईला रात्री दोन वाजता तिचा काय उपयोग? पण पूल नको, कारण फेरीबोटीचा फोटो छान येतो. आम्ही गावात राहणार दोन रात्री, आणि गाव कसं राहावं हे मात्र कायमचं ठरवणार.

मला रिफायनरी हवीय असं कोणी यातून काढू नये. किनाऱ्यावर काहीही आणून टाका असं माझं म्हणणं नाही. सीआरझेडचे नियम हवेतच. पण ते जरा वाचून तरी बघा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ज्या ग्रामीण भागात चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त माणसं राहतात, तिथे भरतीरेषेपासून पन्नास मीटर सोडायचे. बाकीच्या ठिकाणी दोनशे. रत्नागिरी जिल्ह्याची घनता २०११ साली होती १९७! म्हणजे माणसं निघून गेलेल्या गावाला दोनशे मीटरचा नियम. जुन्या घराची डागडुजी चालेल, त्यात पाहुणे ठेवलेलेही चालतील, पण मुंबईहून परत येऊन कोणाला त्या पट्ट्यात नवीन घर बांधायचं असेल तर अवघड. पर्यटकांसाठी तात्पुरत्या झोपड्या मात्र त्याच पट्ट्यात, भरतीरेषेपासून दहा मीटरवर चालतात. आलेल्या माणसाची इतकी काळजी, आणि परतणाऱ्याची?

मागच्या वर्षी एक एजंट आमच्या चुलत्यांकडे आला होता. हातात चकचकीत कागद, त्यावर माडांमागे मावळणारा सूर्य. समुद्राकाठचा निवांत प्लॉट, गजबजाटापासून दूर. कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. ती अडचण कशी सोडवायची तेही त्याने चहा पिता पिता समजावलं. त्या कागदावरची भाषा मला ओळखीची वाटली. पुरवणीतल्या लेखांतलीच होती, फक्त खाली चौरस फुटाचा भाव होता.

तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत वेळासवर, किंवा कोकणातल्या कुठल्याही गावावर लिहाल, तर खालच्या चौकटीत थोडी भर घाला. शेवटची फेरीबोट किती वाजता. बाळंतपणाची सोय असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय किती किलोमीटरवर. शाळेचा पट किती, कारण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचे प्रस्ताव सरकारने २०२३ मध्येच मागवलेत. किती घरांना कुलूप आहे आणि त्यातली किती गणपतीला तरी उघडतात. एवढं छापायला जागा पुरत नसेल, तर मोदकांचा फोटो जरा लहान करा.