भाडेकरूला निवडीचा हक्क हवा

भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा रास्त कारणाशिवाय घरमालकाने तोडू नये, असे दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने 1958 मध्येच बजावले होते. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, सफाई अशी ती यादी होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात या यादीत संपर्कजोडणीचीही भर पडली. त्याआधी, 2019 मध्ये, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षण व खासगीपणाच्या हक्कांचा भाग मानला होता.

मात्र जोडणी न तोडणे वेगळे आणि ती निवडू देणे वेगळे. गुरुग्राम, नोएडा, बेंगळूरु येथील अनेक मोठ्या संकुलांत कोणत्या कंपनीची तार आत येणार, हे विकासक किंवा रहिवासी संघटना ठरवते. सदनिकेच्या मालकाला निदान सभेत मत असते. भाडेकरूला तेही नसते. त्याचा करार बहुधा 11 महिन्यांचा, तर स्वस्त योजना वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारी. सेवा रडतखडत चालली, तरी त्याला पर्याय उरत नाही. मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर 2011 पासून आहे. घरातल्या जोडणीबाबत मात्र ग्राहकाची निवड संकुलाच्या फाटकापाशीच थांबते.

संघटनांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रत्येक कंपनीने भिंती फोडायच्या आणि तारांची जाळी लोंबत ठेवायची, हे कोणालाही नको असते. त्यावर उतारा मक्तेदारीचा नव्हे, इमारतीत सर्वांसाठी सामायिक तारमार्ग ठेवण्याचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देण्याचे विनियम केले. पण ते ऐच्छिक आहे.

घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राचा आदर्श कायदा राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तो स्वीकारताना त्यात एक कलम वाढवावे : परवानाधारक सेवादात्याला वाजवी अटींवर प्रवेश नाकारता येणार नाही आणि त्याची निवड घरात राहणारा करील. भाडेकरारात उपलब्ध सेवादात्यांची नावे नमूद करणेही बंधनकारक असावे. तिजोरीवर याचा भार जवळपास शून्य. विजेचे देयक जो भरतो, त्याला दिवा कोणता लावायचा हे घरमालक सांगत नाही. तारेच्या बाबतीतही तोच न्याय असावा.